ताईंचा शब्द

"एका दिवसात चाळीस हजार लोक, ताई." गुळगुळीत दाढी केलेल्या गृहस्थांनी लॅपटॉप ताईंकडे वळवला. "चाळीस हजार लोकांनी तुमच्या दुकानाचा व्हिडिओ बघितला."

"आणि ऐकला किती जणांनी?" ताईंनी विचारलं.

गृहस्थ हसले. बाई विनोद करताहेत असं त्यांना वाटलं. पण कानाची मशीनं विकणाऱ्या दुकानात सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला हा प्रश्न सुचणं साहजिकच होतं. फोनवरचे निम्मे व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघितले जातात, हे त्यांना आठवड्यापूर्वीच समजलं होतं. आणि ज्याला ऐकू येत नाही, त्याने आवाज चालू ठेवला काय नि बंद ठेवला काय.

"कुठं कुठं दाखवला हा व्हिडिओ?"

"सगळीकडे. आमच्या नेटवर्कवर हजारो ॲप आहेत."

"त्यातली चार नावं सांगा ना."

गृहस्थांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि यादी मेलने पाठवतो म्हणाले. यादी आली, पण तीनदा फोन केल्यावर. ताई चष्मा लावून ती वाचत बसल्या. फुगे फोडायचा खेळ. रंग भरायचा खेळ. मांजराला आंघोळ घालायचा खेळ. त्यांच्या दुकानाचा व्हिडिओ चार-पाच वर्षांच्या मुलांनी बघितला होता, तोही फुगे फोडायच्या घाईत.

दुकानात त्या आल्या तेव्हा पंचविशीतल्या होत्या. काम फोन उचलायचं होतं. दुकानाचे मालक, मोठे साहेब, शिकवण्याची हौस असलेले. त्यांनी हळूहळू ताईंच्या हाती सगळंच दिलं. कानात मऊ लगदा भरून साचा कसा घ्यायचा, बंद खोलीत बसवून बारीकमोठे आवाज कसे ऐकवायचे, आलेख कसा काढायचा. पण खरं काम त्यानंतरचं होतं, आणि ते कुणी शिकवलेलं नव्हतं. मशीन लावून घ्यायला लाजणाऱ्या माणसाला आपलंसं करायचं. लोक दुकानाचं नाव विसरत, 'कानाच्या ताई' मात्र लक्षात ठेवत.

मोठ्या साहेबांचा मुलगा तेव्हा शाळेत होता. दप्तर टाकून ताईंच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचा, पेन्सिलींना टोक त्याच करून द्यायच्या. पुढे मोठे साहेब अचानक गेले. मुलगा तीन महिने दुकानाकडे फिरकला नाही, ते तीन महिने ताईंनी दुकान एकटीने उघडलं आणि बंद केलं. नंतर सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "हे दुकान ताईंनी जगवलं." त्या दिवसापासून ताई त्याला 'अरे' म्हणायच्या थांबल्या. 'साहेब' म्हणू लागल्या. त्याचा मान राहायला हवा, म्हणून.

याच धाकट्या साहेबांनी दोन महिन्यांपूर्वी त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं.

"ताई, आता व्हिडिओच्या जाहिराती करायच्या. तीन नेटवर्कवाले येतील. निवड तुम्ही करायची."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"गिऱ्हाईक तुम्हाला कळतं ना? मग झालं. तुम्ही बोट दाखवाल तिथं मी सही करणार."

नेटवर्क म्हणजे काय, हे ताईंना आधी कळेना. लोक फोनवर बातम्या वाचत असतात, गाणी ऐकत असतात, खेळत असतात. तिथे मधेच आपला व्हिडिओ घुसवून देणारी ही कंपनी. कुणाची पाच हजार ॲपवर सोय, कुणाची जेमतेम पन्नास. घरी नवऱ्याला समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे बोलावणं नसताना जेवायला टपकणारे पाहुणे. मग त्यातला त्यात कमी खाणारा निवड."

चेष्टा सोडली तर सल्ला वाईट नव्हता.

जाहिरातीसाठी आधी व्हिडिओ हवा होता. नटी आणायचं चाललं होतं. धाकटे साहेबच म्हणाले, ताईंहून विश्वासाचा चेहरा कुठला? एक दिवस कॅमेरेवाले आले. ताईंनी ठेवणीतली निळी साडी नेसली आणि रोज गिऱ्हाइकाला जे सांगायच्या तेच सांगितलं: "मशीन लावलं की लगेच अगदी पूर्वीसारखं ऐकू येईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात. पण आम्ही तुमच्या सोबत असतो." एकदाही न अडखळता. कॅमेरावाला म्हणाला, ताई, तुम्ही तर मुरलेल्या निघालात.

तिन्ही कंपन्यांकडे एकेक आठवडा व्हिडिओ चालवून बघायचं ठरलं. पहिली कंपनी चाळीस हजारवाल्या गृहस्थांची. दुसरी एका बाईंची. खांद्याला कापडी पिशवी, बोलणं मोजकं. तिसऱ्या कंपनीचं माणूस कधी दिसलंच नाही, फोन केला की यंत्र बोलायचं, 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. ताईंनी चार वेळा आपलं महत्त्व ऐकून घेतलं आणि नाद सोडला.

पिशवीवाल्या बाईंनी न मागता यादी पुढे ठेवली. बातम्यांची ॲप, जुनी गाणी, तब्येतीची माहिती. "आमचे आकडे लहान दिसतील हं," त्या म्हणाल्या. "दिवसाला दीड-दोन हजार. पण साठीच्या पुढचे. खाली मोठ्या अक्षरात मजकूरही टाकून देते, आवाज बंद असला तरी वाचता येईल."

"हे मोठ्या अक्षरांचं त्या दुसऱ्या गृहस्थांना नाही सुचलं."

"त्यांना आकडा दाखवायचा असतो. मलाही दाखवायचा असतो, पण नंतर तुम्हाला तोंडही दाखवायचं असतं."

ताईंना बाई आवडल्या. तरी आवडीनिवडीवर निर्णय नको म्हणून दोन्ही आठवडे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं, "आमचं कसं कळलं?" पहिल्या कंपनीच्या आठवड्यात व्हिडिओ बघून आलेलं माणूस एकही नाही. दुसरीच्या आठवड्यात अकरा. ताईंनी सगळं चार पानांत आपल्या अक्षरात लिहिलं आणि धाकट्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. "कमाल आहे तुमची," म्हणाले. त्याच संध्याकाळी ताईंनी पिशवीवाल्या बाईंना फोन केला. "सहीचा कागद येईल चार दिवसांत. पण काम तुमचंच, माझा शब्द आहे."

त्यानंतर महिनाभर त्या विषयाचं नाव निघालं नाही. विचारलं की साहेब म्हणत, "चाललंय, ताई." दुकानात मात्र गर्दी वाढली. ताईंना वाटलं, बाईंनी काम मन लावून केलेलं दिसतंय.

मग एका सकाळी एक म्हातारे शिंपी आले. बायको सोबत होती. तीन तास बसने आले होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी शिवणाचं दुकान बंद केलं होतं. गिऱ्हाईक काय म्हणतंय तेच कळेना, छाती चाळीस सांगितली की हे चौदा लिहायचे. आता पुन्हा उघडणार होते.

"सोमवारी सुरू करतोय," ते मोठ्याने म्हणाले. ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात. "सगळ्यांना सांगून झालंय."

ताईंनी त्यांना बंद खोलीत बसवलं. आलेख काढता काढता त्यांचा हात मंदावला. जाडे आवाज कसेबसे पोचत होते, बारीक आवाजांच्या बाजूला रेघ पार खाली गेली होती. मशीनने आवाज येणार होता, शब्द सुटे होणार नव्हते; निदान लवकर नाही, सगळे तर नाहीच.

बाहेर आणून त्यांनी हे कागदावर लिहून, हळूहळू बोलून, समजावलं. शिंपी ऐकत होते. मग गोंधळून बायकोकडे बघू लागले.

"पण तुम्हीच म्हणालात ना?"

"मी?"

बायकोने पिशवीतून फोन काढला, नातवाने त्याच्या खेळातून काढून दिलेला व्हिडिओ लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि ताईंसमोर धरला. निळ्या साडीतल्या ताई हसून म्हणत होत्या, "मशीन लावलं की लगेच अगदी पूर्वीसारखं ऐकू येईल." पुढे संगीत, दुकानाचा पत्ता आणि कोपऱ्यात पहिल्या कंपनीचं चिन्ह.

"पोरगा सांगत होता, जाहिरातींवर जाऊ नका," शिंपी म्हणाले. "मी म्हटलं, ही बाई खोटं बोलणाऱ्यातली दिसत नाही."

तोंड ताईंचं होतं, आवाज त्यांचा होता, शब्दही सगळे त्यांचेच होते. त्यांनी शिंप्यांच्या कानाचे साचे घेतले, पुढची तारीख दिली आणि त्यांना बसस्टॉपपर्यंत पोचवून आल्या. मग केबिनचं दार ढकललं.

धाकटे साहेब फोनवर होते. ताईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी फोन ठेवला.

"वाक्य कुणी कापलं?"

"कुठलं... अच्छा, ते. पंधरा सेकंदांत बसत नव्हतं, ताई."

"निम्मंच ठेवायचं होतं तर दुसरं निम्मं ठेवायचं. 'विश्वास ठेवू नका' एवढंच. तेही बसलं असतं."

साहेब ओशाळं हसले. "बसा ना. अहो, सगळेच करतात थोडंफार. लोक एकदा दुकानात आले की तुम्ही समजावताच ना त्यांना?"

"आणि ही पहिली कंपनी कशी आली?"

ते पेनाचं टोपण काढघाल करत राहिले. "त्यांच्याशी आधीच बोलणं झालं होतं. तुम्हाला निवडायला सांगितलं त्याच्याही आधी. तुमची चार पानं दाखवली त्यांना; म्हटलं, बघा, आमच्या ताई दुसरीकडे जा म्हणताहेत. लगेच दर निम्म्यावर आणला. तुमच्यामुळेच झालं हे, ताई. मी सगळ्यांना सांगतो."

म्हणजे निवडायचं काही नव्हतंच. त्या पंधरा दिवस चष्मा लावून याद्या वाचत होत्या, गिऱ्हाइकांना विचारत होत्या, तेव्हा यांना फक्त घासाघीस करायला एक कागद हवा होता.

"अरे," त्या म्हणाल्या. कितीतरी वर्षांनी. "मला आधी सांगितलं असतंस, तर मीच म्हटलं असतं, तुझ्या मनाला येईल ते कर. माझ्या तोंडून का वदवलंस?"

त्याने मान खाली घातली. पण जाहिरात थांबवतो, असं काही तो म्हणाला नाही.

दुपारी त्यांनी पिशवीवाल्या बाईंना फोन लावला. माफी मागायला शब्द जुळवत होत्या तोवर त्याच म्हणाल्या, "मला कळलं होतं हो महिन्यापूर्वीच. तुम्हाला माहीतच असेल असं धरून चालले होते."

"मला माहीत असतं तर मी शब्द दिला असता का?"

"खरं सांगू? मला वाटलं, तुम्हीही त्यांच्यातल्याच."

दिवसभरातलं हे वाक्य ताईंना सगळ्यात खोल लागलं. त्यात बाईंची काही चूक नव्हती म्हणून जास्तच.

बाईंनीच उपाय सांगितला. व्हिडिओतल्या व्यक्तीने लेखी कळवलं की माझी संमती नाही, तर कुठलंही नेटवर्क तो काढून टाकतं. लाजेने नव्हे, कोर्टाच्या भीतीने. ताईंनी दोन पत्रं लिहिली. एक त्या कंपनीला, दुसरं दुकानाला, राजीनाम्याचं. नवऱ्याने दोन्ही वाचली आणि "पाकिटं मी आणतो" एवढंच म्हणाले.

धाकटे साहेब घरी आले, दाराशी चप्पल काढून उभे राहिले. "ताई, तुम्ही गेलात तर जाहिरातीचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. विचारून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं असावं. चहा न घेताच गेले.

तिसऱ्या दिवशी ताईंचा व्हिडिओ बंद झाला. आठवड्याने नवा आला. ताईंच्या खुर्चीवर एक देखणी, पांढऱ्या कोटातली बाई बसली होती. ती हसून म्हणत होती, मशीन लावलं की लगेच अगदी पूर्वीसारखं ऐकू येईल. वाक्य ताईंचंच, कान्यामात्रेसकट. नवऱ्याने फोन काढून घेतला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

शिंप्यांना दिलेली तारीख रविवारची होती. मशीन त्यांनी दुकानातून आधीच नेलं होतं, पण ते लावून कसं ऐकायचं हे तिथे आता शिकवायला कुणी नव्हतं. ताई सकाळच्या बसने निघाल्या. शिंप्यांचं दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. कापडाचे दोन तागे, कैची, भिंतीशी बाकडं. सोमवारी ठरल्याप्रमाणे उघडलं होतं, पण गिऱ्हाईक नव्हतं. शिंपी मशीन कानात घालून ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे.

ओठ दिसू नयेत म्हणून ताईंनी तोंडासमोर वही धरली.

"बाही," त्या म्हणाल्या.

"काही?"

"बाही."

"नाही?"

बायको मागून काही सांगायला पुढे झाली, ताईंनी हातानेच तिला थांबवलं. शिंप्यांच्या कपाळावर घाम आला होता. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याच्या आवाजाने त्यांना दुखल्यासारखं झालं. तो विरेपर्यंत ताई थांबल्या.

"पुन्हा म्हणा," शिंपी म्हणाले.

ताईंनी वही नीट धरली आणि पुन्हा म्हटलं.