डिकीतला जवळा

ज्या फियाटला बाबांनी महिनाभर तान्ह्या बाळासारखं न्हाऊमाखू घातलं, तिच्याच डिकीत शनिवारी सकाळी त्यांनी दोन किलो सुका जवळा पसरला, हाताने चांगला रगडला आणि झाकण लावून टाकलं. मी चहा घेऊन अंगणात आले होते. कप हातातून पडला नाही एवढंच.

"बाबा, डोक्यावर परलास काय?"

"गप. वास मुरू दे," बाबा म्हणाले आणि डिकीला कान लावून उभे राहिले. वास मुरताना आवाज येतो असा त्यांचा समज असावा.

माझं डोकं तसंही लवकर तापतं, आणि इथे तर कारणही होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, खांदा कॉलनीच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. आमची फियाट शहाऐंशी सालची. रंग मूळचा, काचा मूळच्या, सीटचं रेक्झिनसुद्धा मूळचं. विमानतळासाठी आमचं गाव उठलं, घर गेलं, पनवेलजवळच्या या नव्या वसाहतीत आम्ही येऊन पडलो, पण फियाट होती तशीच राहिली. म्हणून मीच तिचं नाव 'मूळ रूपातली गाडी' या वर्गात घातलं होतं. ट्रॉफी आमचीच. शोकेसमध्ये जागासुद्धा करून ठेवली होती.

खरं तर नोंदणीपासूनच गोंधळ सुरू झाला होता. आयोजकांपैकी निनाद नावाच्या तरुणाने फोनवर विचारलं, "काका, क्लास कुठला?"

"सातवी," बाबा म्हणाले. "पन गारी चालीस वर्सं चालवतंय."

मी फोन हिसकावून घेतला आणि वर्ग सांगितला. तर गुरुवारी बाबांनी मला न विचारता पुन्हा फोन करून तो बदलला. नवा वर्ग काय, तर 'कामाच्या गाड्या'! म्हणजे टेम्पो, ट्रक, दुधाच्या व्हॅन, ज्यांनी जन्मभर माल वाहिला त्या. निनादने अट घातली होती की गाडीने माल वाहिल्याची काहीतरी खूण दिसायला हवी. म्हणून हा जवळा.

"आपली गारी कंदी कामाला गेली?" मी विचारलं. "आजीला दवाखान्यात नेलं नि आईला बाजारात. बस."

"मासली वाहिली सांगू."

"पन कनाला? हातातली ट्रॉफी सोरून?"

बाबा ओट्यावर बसले. बोटांना लागलेला जवळा एकेक करून काढू लागले. आमचे बाबा, काशिराम, वय वर्षं सहासष्ट, कोणाच्या बापाला न भिणारे. पण तेव्हा त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"शोभाबाईंचा टेम्पो त्या रांगेत हाय."

शोभाबाई करंजाच्या. तिथल्या बंदरावरून मासळी उचलायची आणि आपल्या निळ्या तीनचाकी टेम्पोतून आणून आमच्या वसाहतीत विकायची, हे त्यांचं दर बुधवारचं नि शुक्रवारचं काम. टेम्पो स्वतः चालवत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. गेली दोन वर्षं बाबा त्यांच्याकडून इतकी मासळी घेत होते की आमच्या फ्रीजमध्ये बर्फाला जागा उरली नव्हती. मी भोळी! मी बाबांच्या कोलेस्टेरॉलची काळजी करत बसले होते.

"मंग बोल ना त्यांच्याशी बुधवारी."

"बुधवारी सात बायका आसतात टेम्पोभवती. पापलेट कवऱ्याला, सुरमय कशी. त्यात मी काय बोलू?" बाबांनी नाक ओढलं. "आनि आता बुधवार बी नाय. पोरगा बोलला, आये, पुरे झाली फेरी. सोमवारपासून बंद. उद्या टेम्पो मिरवनार नि मंग इकनार." मग त्यांनी मान वर केली. "उद्या सकाली आठ ते चार गाऱ्या हलवाच्या नाय, प्रांजल. आठ तास! बाजूला!"

मला आधी हसू फुटलं. एवढं, की चहा सांडला. मग आईची आठवण आली. तिला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि त्या नऊ वर्षांत बाबांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवेना. मी पायरीवर बसून दोन मिनिटं रडून घेतलं. आणि मग मला इतका आनंद झाला, इतका वेड्यासारखा आनंद झाला, की मी उठून घरात गेले आणि सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आले.

"नुसत्या जवल्यानं काय होतंय? यी पन टाक."

रविवारी आम्ही चारही काचा उघड्या टाकून निघालो. सिग्नलला आमच्या शेजारी थांबलेला स्कूटरवाला आमच्याकडे बघून दोन हात लांब सरकला. बाबा पांढऱ्या सदऱ्यात, केसांना तेल, मिशीला कात्री. मी मागे बसून नाकाला ओढणी लावून खिदळत होते. कोणाच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा मी एवढी हसले नसेन.

कामाच्या गाड्यांच्या रांगेत एक जुना ट्रक, एक दुधाची व्हॅन आणि टोकाला तो निळा टेम्पो. शेजारी स्टुलावर शोभाबाई. हिरवं लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, आणि बसणं असं की मैदान त्यांच्याच मालकीचं. बाबांनी फियाट टेम्पोला इतकी खेटून लावली की त्यांना दुसऱ्या दाराने उतरावं लागलं.

"बसू का?" बाबांनी विचारलं.

"गारी तुमची, जागा मैदानाची. मी कोन नाय बोलनारी?"

बाबा बसले. पहिल्या तासात ते म्हणाले, "ऊन हाय." दुसऱ्या तासात म्हणाले, "वारा बी हाय." मी वडापाव द्यायच्या निमित्ताने तीनदा जाऊन आले, तिन्ही वेळा डोळ्यांनी खुणावलं, चिमटाही काढला. बाबा आपले समोरच्या ट्रकाच्या चाकांकडे बघत बसलेले. मला त्यांना उचलून हलवावंसं वाटत होतं.

अकरा वाजता निनाद रजिस्टर घेऊन आला. फियाटभोवती एक चक्कर मारली आणि थांबला.

"काका, ही तर प्रायव्हेट कार आहे. नंबर प्लेटपण तेच सांगतेय."

"मासली वाहिली तिनं," बाबा म्हणाले आणि ऐटीत डिकी उघडली.

दुधाच्या व्हॅनवाल्याने नाक दाबलं. ट्रकवाला ट्रकात चढला. निनादच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण गडी हटला नाही.

"वास आहे, मान्य. पण काका, सॉरी, असा वास तर एका दिवसातपण येतो." तो शोभाबाईंकडे वळला. "मावशी, यातलं तुम्हाला जास्त कळतं. तुम्हीच सांगा. वाहिली असेल तर राहू दे. नसेल तर गाडी मूळ रूपाच्या रांगेत न्यावी लागेल."

ती रांग मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. बाबांचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात एकविरा आईला हात जोडले.

शोभाबाई उठल्या. पदर खोचला, डिकीत डोकं घातलं. कोपऱ्यातून चिमूटभर जवळा उचलला, बोटांत चोळला, जिभेला लावला. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं जमली होती.

"जवला परवाचा हाय," त्या म्हणाल्या. "पनवेलच्या बाजारातला. मीठ बग कवरं टाकलंय मेलीनं! या गारीनं मासली कंदी वाहिली नाय."

लोक हसले. बाबांचे कान लाल झाले. शोभाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एक बोंबील उचलून बाबांच्या नाकासमोर धरला.

"बोंबील माजं. शुक्रवारचं. मंग जवला दुसरीकरून कनाला घेतलात? दोन वर्सं माज्याकरून घेता, नि जवला दुसरीकरून?"

"तुमच्याकरून घेतला आसता, तर तुमी इचारलं आसतं, येवरा कनाला."

"मंग आता इचारतंय. कनाला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, निनादकडे बघितलं, जमलेल्या सगळ्यांकडे बघितलं. मग एकदम मोठ्याने बोलले, गावच्या सभेत बोलावं तसे.

"तुमच्या बाजूला उभं रावाला. सोमवारपासून तुमी येनार नाय. मना मासली नको हाय, शोभाबाई. मना मासली येवरी आवडत बी नाय!"

जमलेल्यांनी तोंडावर हात ठेवले. प्रेमाचं एक वेळ चाललं असतं, पण आगरी माणसाने भर मैदानात मासळी आवडत नाही म्हणून कबूल करणं म्हणजे हद्द झाली. माझ्याच फ्रीजमधला दोन वर्षांचा साठा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

"दोन वर्सं?" शोभाबाईंनी विचारलं.

"दोन वर्सं. बांगडे तर मी कोपऱ्यावरच्या मांजरींना घालतंय."

शोभाबाई स्टुलावर बसल्या. पदर तोंडात धरला आणि हसायला लागल्या. खांदे हलत होते, गजरा हलत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबाही हसायला लागले, आणि मग मीही. निनाद बिचारा रजिस्टर छातीशी धरून उभा.

"काका, छान आहे सगळं, पण नियम तो नियम. गाडी हलवावी लागेल."

"मंग माजा टेम्पो बी हलव," शोभाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "यांच्या रांगेत."

"मावशी, टेम्पोचा रंग बदललाय, इंजिनपण दुसरं आहे. तिकडे नाही चालणार."

"मंग दोनी चालतील आशी रांग दाव. येवरं मोठं बुक हाय तुजं."

निनादने पानं उलटली. पुढे गेला, मागे आला. मग घसा साफ केला.

"एक वर्ग आहे. त्यात अजून कोणी आलेलंच नाही. 'एका कुटुंबाच्या गाड्या'. दोन किंवा जास्त, कुठल्याही प्रकारच्या. पण..." तो लाजून कानापर्यंत लाल झाला. "कुटुंब एकच लागतं."

शोभाबाईंनी फियाटकडे बघितलं, मग बाबांच्या तेल लावलेल्या केसांकडे, मग कमरेच्या पिशवीतून फोन काढला.

"प्रितम? आये बोलतंय. टेम्पो इकू नको. नाय, काय झालं नाय. वर्ग बदललाय." फोन ठेवून त्या निनादला म्हणाल्या, "लिव."

निनादने पेन काढलं. "कुटुंबप्रमुख?"

"शोभा," शोभाबाई म्हणाल्या.

"शोभाच," बाबा म्हणाले.

"सदस्य?"

"काशिराम. नि माजा पोरगा प्रितम."

"अजून कोणी?"

बाबा माझ्याकडे बघत होते. माझे बाबा, जे आयुष्यात कोणाची परवानगी मागायला गेले नाहीत, ते माझ्याकडे परवानगी मागितल्यासारखे बघत होते. मी पुढे होऊन रजिस्टरवर बोट टेकवलं.

"मी," मी म्हणाले. "प्रांजल. मुलगी."

निनादने लिहिलं आणि पेन थांबवलं. "कोणाची मुलगी लिहू?"

बाबांनी तोंड उघडलं, पण शोभाबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"दोगांची लिव," त्या म्हणाल्या.