मधल्या सूनबाईंची पत्रं

मास्तरांच्या घरी कोणी आलं, की त्याला आधी हात धुवायला लावत, मग पुसायला लावत, आणि मग कुठे बसा म्हणत. कारण आतल्या खोलीत पत्रं होती. पत्रांना ऊन सोसत नाही, दमट वारा सोसत नाही, तळणीचा वास तर मुळीच सोसत नाही. म्हणून घराच्या खिडक्या बारा महिने बंद, पडदे ओढलेले, आणि दोन जिती माणसं बाहेरच्या खोलीत डांबराच्या गोळ्यांच्या वासात अंग चोरून राहत. आंधळ्या कोशिंबिरीसारखं चाचपडत चालायचं आणि पेटीला पाय लागला की आपणच ‘सॉरी’ म्हणायचं. सख्ख्या जावयाचे झाले नसतील एवढे लाड त्या कागदांचे चालले होते.

मास्तर म्हणजे पोस्टमास्तर. नोकरीत असताना लोकांची पत्रं घरोघर पोचवली आणि निवृत्त झाल्यावर ती परत गोळा करत सुटले, असं त्यांची मेव्हणी म्हणायची. शहरातल्या बड्या घराण्यांनी आणि त्यांच्या क्लबांनी एकमेकांना हाताने लिहिलेली पत्रं, हा त्यांचा ध्यास. कुठला बंगला पाडायला काढला, कुठल्या म्हातारीचं सामान विकायला निघालं, की रद्दीवाला आधी मास्तरांना कळवायचा. आणि मास्तरांना नुसतं पत्र चालत नसे, त्याचं उत्तरही लागायचं. एका हाताने टाळी वाजत नाही, म्हणायचे. पत्र एका बंगल्यात सापडे, उत्तर भलत्याच माळ्यावर. ती जोडी जुळली की त्या दिवशी मास्तर न जेवताच तृप्त. जोड्या ते शिक्के आणि तारखा बघून लावत; वाचायचं ते सगळ्या जुळल्यावर, एका बैठकीत, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

त्यांच्या संग्रहातलं सोनं म्हणजे टेकडीवरच्या बंगल्यातली मधली सून आणि त्या वेळचे क्लबचे सेक्रेटरी यांचा पत्रव्यवहार. पत्र, उत्तर, पत्र, उत्तर, अशा भरलेल्या पेट्या. शेवटच्या काही जोड्या जुळत आल्या आणि मास्तरांचे डोळे गेले. म्हणजे कडेचं दिसे, मधोमध काळा डाग. माणूस दिसे पण त्याचा चेहरा दिसत नसे. कागद दिसे पण अक्षर नाही. देवाने चणे दिले आणि दात काढून घेतले.

तेव्हापासून वाचायचं काम बाईंकडे आलं. बाई म्हणजे मास्तरांची बायको. त्यांना पत्रांचं प्रेम कधीच नव्हतं, पण नवरा रोज दुपारी खुर्चीत ताठ बसून कान टवकारायचा आणि म्हणायचा, “अगं, वाच.” मग वाचायच्या. आता ती पत्रं कशी होती, ते सांगायला हवं. मधल्या सूनबाई बंगल्याच्या वतीने क्लबला खुर्च्या, दिवे, कुंड्या उसन्या देत, आणि पुढे त्या परत मागत. सेक्रेटरी कळवत, की दोन खुर्च्यांचा वेत उसवला आहे, क्षमस्व. बस्स. शेकडो कागद, आणि सगळा हा फर्निचरचा संसार.

एका दुपारी बाईंना खुर्च्या मोजण्याचा इतका वीट आला, की पत्राच्या शेवटी त्यांनी मनचं एक वाक्य जोडलं. “काल संध्याकाळी आपण व्हरांड्यात एकटेच उभे होता, ते मी गाडीतून पाहिले.” नुसती गंमत. पण मास्तर खुर्चीतून पुढे झाले. त्यांचा चेहरा असा उजळला, जसा डोळे गेल्यापासून उजळला नव्हता. “पुन्हा वाच,” म्हणाले. बाईंनी पुन्हा वाचलं.

झालं, तिथेच फसल्या. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना त्या वाक्याचं उत्तर देणं भाग पडलं. मास्तर जोडीवाले, उत्तराशिवाय त्यांना झोप कुठली? पाहता पाहता खुर्च्या मागे पडल्या आणि व्हरांडा पुढे आला. न भेटणं, दुरून बघणं, निरोप म्हणून परत पाठवलेली रिकामी कुंडी. बाई रोज पानाकडे बघून पानावर नसलेलं वाचत, आणि मास्तर डोळे मिटून ऐकत. वाघावर बसलं की उतरता येत नाही म्हणतात. इथे तर वाघ रोज दुपारी चहा पिऊन वाट बघायचा.

तरी हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण क्लबची शंभरी आली, त्यांनी मास्तरांना भाषणाला बोलावलं, आणि मास्तरांनी भर सभेत व्हरांड्याची सगळी कथा सांगितली. बाई तिसऱ्या रांगेत बसून मनात म्हणत होत्या, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. धरणी कसली ऐकते! लोक टाळ्या वाजवत उठले. सध्याचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते, ते मंचावर येऊन म्हणाले, “मास्तर, हा खजिना क्लबला द्या. स्वतंत्र खोली देतो, काचेची कपाटं देतो.”

एरवी मास्तरांनी उडवून लावलं असतं. पण त्याच आठवड्यात बाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. नवरा नाही, मूल नाही. समुद्रकाठी दोन खोल्यांचं घर, सगळीकडून उघडं. “ताई, थोडे महिने येऊन राहा ना गं. भाऊजींनाही घेऊन ये. मला उठून पाणी घ्यायचं तरी रडू येतं.” बाईंनी फोन ठेवला आणि बंद खिडकीकडे बघत राहिल्या. पेट्या सोडून मास्तर हलणार नाहीत आणि मास्तरांना सोडून त्या हलू शकत नाहीत, हे बहिणीला काय सांगायचं? त्यांनी मास्तरांनाच विचारलं. मास्तर म्हणाले, “क्लबने पेट्या नेल्या, तर जाऊ आपण.”

बाईंना रात्रभर झोप आली नाही. पेट्या क्लबमध्ये गेल्या, की कोणीतरी त्या वाचणार. वाचल्या की मास्तरांचं हसं होणार. पण तोवर आपण समुद्रकाठी असू, तिथे कोण सांगायला येतंय? आणि आले तर आले. लाज काय, सहन होते; या डांबराच्या वासात आणखी एक वर्ष सहन होणार नव्हतं, हे त्यांना आता स्वच्छ कळलं होतं. स्वार्थी तर स्वार्थी. त्यांनी स्वतः पेट्यांना सुतळ्या बांधल्या, आणि हात सोलवटले तरी थांबल्या नाहीत.

डॉक्टर गाडी घेऊन आले. हात धुतले, पुसले, बसले. बाईंनी घाई करून पहिली पेटी दारापाशी सरकवली.

“थांब गं,” मास्तर म्हणाले. “मुलगी सासरी पाठवताना माणूस एकदा तिचा चेहरा बघतो. डॉक्टर, तुम्ही एक पत्र वाचा. तुमच्या आवाजात ऐकू दे, म्हणजे मला खात्री पटेल की योग्य हाती चाललंय.”

“अहो, उशीर होतोय त्यांना,” बाई म्हणाल्या.

“एका पत्राने काय उशीर होतोय, वहिनी?” डॉक्टरांनी वरचंच पत्र उचललं. चष्मा पुसून खडा आवाज लावला. “सप्रेम नमस्कार. पत्त्यांच्या खोलीसाठी दिलेल्या खुर्च्यांपैकी चार अद्याप परत आलेल्या नाहीत. व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालत जावे, ही विनंती. कळावे.”

मास्तर वाट बघत राहिले. “पुढे?”

“पुढे सही आहे.”

“आणि त्या संध्याकाळचं? गाडीतून पाहिलं ते?”

डॉक्टरांनी कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. “तसं काही नाही मास्तर. कुंड्याच आहेत.”

मास्तर हसले. मोठ्या माणसाने लहान मुलाच्या बेरजेला हसावं तसे. “डॉक्टर, राग मानू नका. जुनं अक्षर वाचायला नुसते डोळे पुरत नाहीत. तुम्ही वाचलंत ती वाण्याची यादी झाली. ही वाचते तेव्हा माणसं उभी राहतात हो!” त्यांनी चाचपडत पेटीवर हात ठेवला. “नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याकडे ही जाणार नाहीत.”

बाईंनी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, गाडी दिसत होती, आणि सगळं हातातून निसटत होतं. त्या म्हणाल्या, “अहो, डॉक्टरांनी बरोबर वाचलंय. तेवढंच आहे त्यात. बाकीचं मी घालत होते. पहिल्यापासून. व्हरांडा नाही, काही नाही, सगळं माझ्या मनचं.”

डॉक्टर छताकडे बघू लागले. बाईंची छाती हलकी झाली होती. आता ओरडा, रागवा, काहीही करा, एकदाचं सुटले.

मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि बाईंचा हात शोधून धरला. “असं करू नये गं,” ते फार मायेने म्हणाले. “डॉक्टरांचा पाणउतारा होऊ नये म्हणून स्वतःवर खोटं घ्यायचं? आणि बहिणीसाठी जीव तुटतो तुझा, ते मला कळत नाही का? पण म्हणून एवढं? तुझ्या मनचं म्हणे! आयुष्यभर वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाहीस तू, तुला हे सुचणार होय?”

एवढा अपमान आणि एवढी माया एकाच घासात बाईंना कोणी कधी भरवली नव्हती.

बाई डॉक्टरांना सोडायला जिन्यापर्यंत गेल्या. “तुम्ही तरी सांगा त्यांना,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “क्लबचा शिक्का मारून लिहून द्या. पेट्या घेऊन जा. पाया पडते.”

डॉक्टरांनी मान खाजवली. “वहिनी, खरं सांगू? भाषण शंभरीच्या पुस्तकात छापून झालंय. सभासदांच्या घरोघर गेलंय. टेकडीवरच्या बंगल्याच्या नातवंडांनी त्या व्हरांड्याला कठडा बसवायला देणगी दिली आहे. माझी बायको तर दोनदा रडली ते वाचून.” ते एक पायरी उतरले. “आता ही पत्रं काचेच्या कपाटात ठेवून, खुर्च्या आणि कुंड्या लोकांना दाखवू म्हणता? ती इथेच बरी आहेत. तुमच्याकडेच.” आणि ते भराभर जिना उतरून गेले.

बाई परत आल्या तेव्हा मास्तर खुर्चीत ताठ बसले होते. “बहिणीला इकडे बोलाव,” ते म्हणाले. “बाहेरच्या खोलीत झोपेल ती. फक्त खिडकी उघडू नको म्हणावं.” मग कान टवकारून म्हणाले, “वाच आता. त्या माणसाने तोंडाची चव घालवली.”

बाईंनी पेटीतून एक पत्र काढलं आणि होतं तसं वाचलं. दिवे पोचले. एका दिव्याची काच तडकली आहे. कळावे.

“थकलीस का?” मास्तरांनी विचारलं. “थांब जरा. सावकाश वाच.”

ते थांबले. त्याही थांबल्या. राग होता, रडू होतं, पण या दोन्हींच्या आधी पुढचं वाक्य तोंडात येऊन बसलं होतं, आणि याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

“माझ्या धाकट्या बहिणीला बरे नाही,” त्या कागदाकडे बघत वाचू लागल्या. “तिने बोलावले आहे. मी जाते म्हटले, तर घरात कोणाला खरे वाटत नाही. सगळे माझ्याशी फार चांगले वागतात. खिडक्या बंद असतात. मी स्पष्ट सांगितले, मला इथून जायचे आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मला वाचायला बसवले.”

मास्तरांचे मिटलेले डोळे पाणावले.

“बिचारी,” ते म्हणाले. “एवढं मोठं घर, आणि तिचं मन कळणारा एकही माणूस नसावा?” त्यांनी नाक पुसलं आणि पुढे झुकले. “मग? गेली का ती?”

“उत्तर बघावं लागेल,” बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या पेटीची सुतळी सोडायला बसल्या.