बॉनेटवरची राख

अंबूबाईंनी वेळेवर सांगितलं होतं, पण शिवांजलीनं ते हसण्यावारी नेलं.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीत, समोरच्या घराच्या कठड्याला टेकून अंबूबाई मेथी निवडत होत्या. शिवांजली एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात चार वर्षांच्या रक्षिताचं बोट धरून बाहेर पडली, तशी त्यांनी हाक मारली.

"पोरी, तुझ्या सासऱ्यानं काल सकाळधरनं तीनदा गाडी पुसली. जरा ध्यान ठेव बाई."

अप्पांचा जीवच आहे हो गाडीवर, असं म्हणून ती पुढं गेली. अंबूबाईंना दिवसभर दुसरं काम काय, हेही मनातल्या मनात म्हणून झालं. खरं तर त्या वेळी तिला ते ऐकायचंच नव्हतं. जूनपासून ज्युनियर कॉलेजात तिला रसायनशास्त्राच्या तासांची तात्पुरती नेमणूक मिळाली होती. एम.एस्सी. होऊन सात वर्षं घरात बसल्यावर मिळालेली. नवरा बसवेश मोटरसायकलवरून पंपाच्या कंपनीसाठी तालुकेच्या तालुके पालथे घालायचा. सासूबाई शांतव्वा जाऊन दोन वर्षं झाली होती. नऊला रक्षिताला बालवाडीत सोडून शिवांजली कॉलेजात जाणार, साडेअकराला अप्पा नातीला घेऊन येणार, झाकून ठेवलेला भात तिला भरवणार आणि अडीचला शिवांजली परतणार, अशी सगळी घडी अप्पांवर बसलेली होती. अप्पा धड आहेत तोवर पोर धड आणि नोकरीही धड. अप्पांबद्दल शंका घ्यायची म्हणजे या सगळ्याबद्दलच घ्यायची.

अप्पा म्हणजे ईरप्पा. चाळीस वर्षं गुळाच्या अडतीवर बसलेला उंच, ताठ माणूस. बसवेशनं गडद निळी मारुती दारात आणली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला होता. गाडी रोज वापरायची नव्हती. रविवारी नृसिंहवाडीला, नाहीतर संकेश्वरच्या पावण्यांकडं जायची, एरवी घरासमोर उभी असायची. गाडीबरोबर आलेलं पुस्तक शिवांजलीनं अभ्यासाच्या पुस्तकासारखं वाचलं आणि अप्पांना समजावून सांगितलं. गाडी सावलीत धुवायची. आधी भरपूर पाणी ओतून धूळ काढायची, मगच कापड लावायचं. वरून खाली यायचं. कावळ्यानं घाण केली तर वाळू द्यायची नाही. आणि कोरड्या कापडानं धूळ कधीही पुसायची नाही, कारण धुळीचा एकेक कण रंगावर रेघ ओढतो. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं होतं. नळाचं पाणी आठला जायचं, त्याआधी दोन बादल्यांत ते गाडी अशी धुवायचे की बघत राहावं. सोमवारी धुऊन झालं की बॉनेटवर तीन बोटांनी विभूतीचे आडवे पट्टे ओढायचे. अडतीवर तराजूला आणि तिजोरीलाही ओढायचे, तसेच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बसवेशनं गाडी उन्हात काढली आणि तसाच खाली उतरला. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल गोल रेघा होत्या. मधोमध तळहाताएवढा भाग तर पाटीसारखा मळकट झाला होता. तिथं निळा रंग निळा वाटतच नव्हता.

पहिला संशय रक्षितावर गेला. तिनं मान हलवली. मी नाही, अज्जा पुसतो, असं म्हणाली. बसवेश म्हणाला, अप्पा पाण्यानं धुतात, त्यानं असं होत नाही. मग गल्लीनं मत दिलं आणि शिवांजलीच्या डोक्यात गोंधळ माजला. कुणी म्हणालं, धुण्याचा सोडा वापरला असणार. कुणी म्हणालं, झाकण शिवून घ्या, तर दुसरा म्हणाला, झाकणाखाली धूळ अडकते, त्यानंच रेघा पडतात. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं दातांची पेस्ट चोळायला सांगितलं. कुणी रॉकेल, कुणी खोबरेल. तिनं सगळं वहीत लिहून घेतलं आणि यांपैकी काहीही करायचं नाही, एवढंच शेवटी ठरवलं.

एक गोष्ट मात्र तिला छळत होती. काचेच्या खाली, वायपरच्या खाचेत राख साचलेली असायची. ऊस गाळपाचा हंगाम होता, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरही राख पडायची. पण ती काळी असते, बोटांनी चुरडली की काजळीसारखी पसरते. खाचेतली पांढरट होती, पिठासारखी. सोमवारची विभूती म्हणावी, तर गाडी मंगळवारी धुतली जायची, बुधवारीही. मग शुक्रवारी तिथं ताजी राख कुठून येत होती? कॉलेजात ती पोरांना मिश्रणं वेगळी करायला शिकवत होती आणि घरासमोरची चिमूटभर राख तिला ओळखता येत नव्हती.

शेवटी एका शनिवारी दोघांनी गाडी उद्यमनगरात हंबीररावांच्या शेडवर नेली. हंबीरराव गाड्यांना रंग मारायचे. बॉनेटवर त्यांनी बोट फिरवलं, मग मगभर पाणी ओतलं. रेघा नाहीशा झाल्या, गाडी नव्यासारखी चमकली. बसवेशचा चेहरा उजळला.

"थांबा की," हंबीरराव म्हणाले. "वली असली की समद्या गाड्या नव्याच दिसत्यात. वाळू दे." पाणी वाळलं, तशा रेघा परत वर आल्या. "ह्ये धुतल्यानं झालेलं न्हाय वैनी. कोरड्या फडक्यानं राख घासलीया, एकाच जागी, गोल गोल. अन् दिवसातनं एकदा न्हाय, धा-धा डाव. माणूस काय वैरी हाय काय गाडीचा?"

पॉलिश मारून देतो, पण रंगाचा थर पातळ झालाय, असंच चालू राहिलं तर दोन महिन्यांत अस्तर दिसेल, असंही त्यांनी सांगितलं. परत येताना बसवेश गल्लीतल्या एकेकाचं नाव घेत होता. शिवांजलीला रक्षिताचं बोलणं आठवत होतं, आणि ते आठवू नये असंही वाटत होतं.

बुधवारी तिनं रजा टाकली आणि घरात कुणाला सांगितलं नाही. रक्षिताला बालवाडीत सोडून ती बोळातून मागच्या दारानं घरात आली आणि आतल्या खोलीच्या गाडीकडच्या खिडकीशी, पडद्याआड बसली. आपण स्वतःच्याच सासऱ्यावर पाळत ठेवतोय, याची तिला लाज वाटत होती.

गाडी सकाळीच धुऊन झाली होती. सव्वानऊला अप्पा बाहेर आले. त्यांनी खिशातून विभूतीचा खडा काढला, तीन बोटं ओली करून त्यावर घासली आणि बॉनेटवर तीन पट्टे ओढले. हात जोडून ते आत गेले. सोमवार नव्हता, पण म्हाताऱ्या माणसाला वाटलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

वीस मिनिटांनी ते पुन्हा आले. बॉनेटकडं बघून थबकले. जवळ वाकले. कुणी तरी मुद्दाम घाण करून गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. खांद्यावरचं कोरडं फडकं घेऊन त्यांनी ती राख पुसायला सुरुवात केली, गोल गोल, जोर लावून, एकाही रेषेचा मागमूस उरेनासा होईपर्यंत. चार पावलं मागं जाऊन डोळे बारीक करून बघितलं. समाधान झालं. मग खिशात हात घातला, खडा काढला, बोटं ओली केली आणि अगदी त्याच जागी तीन पट्टे ओढले. हात जोडले. आत गेले.

अकरा वाजेपर्यंत हे पाच वेळा झालं.

पहिल्यांदा शिवांजलीला हसू आलं. तिसऱ्यांदा वाटलं, आपल्यालाच काही तरी कळत नाहीये, या विधीला काही अर्थ असेल. पाचव्यांदा तिला ते कळलं. पट्टे ओढणारा माणूस श्रद्धेनं ओढत होता, पुसणारा माणूस कळकळीनं पुसत होता आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडत नव्हती. अशा माणसाच्या हाती आपण रोज पोरगी देतो.

आणि अकरा वीसला अप्पांनी टोपी घातली, दाराला कडी लावली आणि निघाले. घड्याळ न बघता, मिनिटाचाही फरक न करता. ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि वीस पावलं मागं राहून चालत गेली. एक वळण चुकलं असतं, एखाद्या दुकानापाशी ते विसरून थांबले असते, तर तिला काय करायचं ते कळलं असतं. ते काहीच चुकले नाहीत. बालवाडीच्या बाईंना नमस्कार केला, रक्षिताचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं, तिला रस्त्याच्या आतल्या बाजूला ठेवलं, रिक्षा आली तेव्हा तिच्यापुढं आडवा हात धरला. शिवांजलीला रडू यायला लागलं. सुटल्यासारखं वाटत होतं की आणखी अडकल्यासारखं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

ती मागच्या दारानं पुन्हा आत शिरली आणि आतल्या खोलीच्या दाराशी, पडद्याआड उभी राहिली. स्वयंपाकघरात अप्पा नातीला भात भरवत होते. ताट रिकामं झालं, तोंड पुसून झालं. अप्पांनी हात धुतले, सोप्यात गेले आणि खुंटीकडं हात नेला. खुंटी रिकामी होती. ते इकडंतिकडं शोधू लागले.

"टोपी कुठं गेली? पोरीला आणायची येळ झाली."

रक्षिता त्यांच्यामागं जाऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "अज्जा, मी आलेय."

अप्पांनी वाकून बघितलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आलीस व्हय," असं म्हणाले आणि दाराशी खुर्चीवर जाऊन बसले.

शिवांजली पडद्याबाहेर आली. आई या वेळी घरात कशी, हे रक्षिताला विचारावंसं वाटलं नाही. तिनं आईचा हात धरून तिला आत नेलं आणि धान्याच्या डब्यामागं ठेवलेली टोपी दाखवली. "मी रोज लपवते, तू आलीस की परत ठेवते. टोपीशिवाय अज्जा बाहेर जात नाही." मग थोड्या वेळानं तिनं सांगितलं, की एकदा लपवायची राहिली होती, तेव्हा अज्जा तिला आणायला गेला आणि ती दाराशी बसून राहिली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नाही. कडी बाहेरून लावलेली होती.

त्या संध्याकाळी बसवेश आधी चिडला, मग म्हणाला, वय झालंय, किल्ल्या तर मीही विसरतो, आणि मग भिंतीकडं तोंड करून बसला. दोन दिवसांनी अप्पांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांना तारीख विचारली, वार विचारला, आणि नंतर या दोघांना बाहेर बोलावून सांगितलं की हे वाढत जाणार, किती आणि कधी ते आज सांगता येणार नाही. औषध लिहून दिलं, पण त्यानं थांबेल असं म्हणाले नाहीत. मुलीला आणणं आताच थांबवावं का, या प्रश्नावर त्यांनी शिवांजलीलाच उलट विचारलं, घरी दुसरं कोण असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अप्पांना हात धरून गाडीपाशी घेऊन गेली. मळकट भाग दाखवला. काय बोलायचं ते तिनं रात्रभर जुळवलं होतं, पण अप्पाच आधी बोलले.

"बघितलंस व्हय यव्वा? कोण तरी रोज येऊन राख फासतंय. मी पुसतोय, पण एकटा किती पुरणार?" त्यांनी आवाज खाली आणला. "मी पोरीला आणाय गेलो की डाव साधत असणार. मी जाईनासा झालो तर सापडंल बघ. पण पोरीला कोण आणंल?"

बघू या अप्पा, एवढंच ती म्हणाली.

नोकरी सोडायचा अर्ज तिनं लिहिला, पर्समध्ये ठेवला आणि चार दिवस तसाच बाळगला. सोडली तर अप्पांकडून पोरीला आणायचं काम काढून घ्यावं लागेल, आणि दिवसातली तेवढीच एक गोष्ट ते अजून बिनचूक करतात. न सोडावी तर ती रोज अकरा वीसला वर्गात फळ्याकडं पाठ करून घड्याळ बघत बसते. मधला मार्ग म्हणून मार्च संपेपर्यंतपुरतं तिनं एवढं केलं आहे, की जाण्यायेण्याच्या वाटेवर माणसं उभी केली आहेत. गिरणीवाल्याला सांगितलं, शिंप्याला सांगितलं, बालवाडीच्या बाईंना सांगितलं. बाहेरच्या दाराची कडी बसवेशनं काढून टाकली. गिरणी गुरुवारी बंद असते आणि शिंपी कधी कधी जेवायला लवकर जातो, हे तिच्या लक्षात आहे, म्हणून ती भेटेल त्याला सांगत सुटली आहे. आता ती तुम्हांलाही तेच सांगते आहे.

शाहूपुरीतून साडेअकरा उलटून गेल्यावर जाणं झालं आणि एक उंच म्हातारा दिसला, पांढरी टोपी घातलेला, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे असलेला, तर तेवढं त्याच्या हाताकडं बघा. हातात पोरीचा हात असेल तर काही बोलू नका, जाऊ द्या. हात रिकामा असेल आणि पावलं बालवाडीकडं वळलेली असतील, तर तिसऱ्या गल्लीत निळी गाडी उभी आहे त्या घरात जरा डोकावून या. पोरगी आत एकटी आहे का, बघा. तिचं नाव रक्षिता आहे, हाक मारली की ओ देते.