आठ मार्चचं पत्र

उठा गं हातांनो, दिवस दारी आला,
घोडा त्याचा पाणी प्याला
पाटावरी.

भिंतीवरच्या कर्ण्यातून हा आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. अंधशाळेतून नुकतीच कारखान्यात आले होते. समोर विजेच्या बटणांची परडी, बोटांना स्प्रिंगा टोचून टोचून रक्त आलेलं, आणि घर चार डोंगरांपलीकडे. परडी दूर सारायच्या बेतात होते मी. तेवढ्यात कुणीतरी बाई माझ्या हातांशी बोलली. माझ्याशी नाही, हातांशी. आणि हात चालू लागले.

त्या शारकान एजे; एजे म्हणजे आमच्याकडे ताई. आमच्या कारखान्यात तेव्हा सव्वाशे माणसं होती, त्यांतल्या शंभरांना दिसत नव्हतं. हात कामात गुंतलेले, डोळे नाहीत, तर कानांसाठी एक वाचणारी असावी, ही आमच्या अंध-संघाची जुनी रीत. काचेच्या खोलीत बसून त्या सकाळी वर्तमानपत्र वाचायच्या, दुपारी कादंबरी, आणि जेवणाच्या सुट्टीत ज्याची पत्रं त्याच्या कानाशी बसून, हळू आवाजात. पहाटेच्या ओळी मात्र कुठल्या कागदावरच्या नव्हत्या. त्या त्यांच्या स्वतःच्या.

मग वाईट वर्षं आली. पगाराच्या जागी बटणांची खोकी मिळू लागली. शारकान एजेंनी ती खोकी हातगाडीवर घालून बाजारात नेली आणि आमच्या वाटणीचं पीठ-तेल आणून दिलं. माझी आई गेल्याची तार आली तेव्हा त्यांनी ती लगेच वाचली नाही. आधी पाठीवर हात ठेवला, मग चहा पाजला, चहात साखर जास्त घातली, आणि मग वाचली.

आता आम्ही सव्वीस जण उरलोय. बटणं कोणी घेत नाही, म्हणून कपड्यांना लावायचे चिमटे जोडतो. कर्णा तोच आहे, आवाजही तोच.

माझ्या शेजारच्या बाकड्यावर तुर्दुकुल बाइके, म्हणजे तुर्दुकुल दादा, बसतात. चिमटा कानाशी एकदा उघडून मिटला की स्प्रिंग कच्ची की पक्की ते सांगतात. जन्मापासून अंध, साठी उलटलेले, आणि जिभेला हाड नाही. या हिवाळ्यात एकदा ते म्हणाले, "आनिपा, हा लेखक सुधारला बघ."

"कोण लेखक?"

"अगं, कादंबरीवाला. आधी पानपानभर आकाशाचा रंग, पोरीच्या ओढणीचा रंग. आपण काय चाटायचाय तो? पानं गळायला लागल्यापासून बघ, नुसते वास. ओल्या लोकरीचा, घोड्याच्या घामाचा, करपलेल्या दुधाचा. जिन्यावर कोण आलं ते पावलांनी कळतं."

"मग बरंच झालं की."

"बरं तर झालंच. आपल्यातलाच कुणी असणार तो." आणि ते खोखो हसले. मीही हसले. हसून झाल्यावर त्यांनी तोच चिमटा पुन्हा कानाशी धरला.

मार्च महिन्यात मला एक पत्र आलं. कारखान्याच्या दारात पोस्टाच्या वहीवर सही केली आणि सुट्टीत ते एजेंच्या हातात दिलं. दरवर्षी आठ मार्चला संघाकडून आम्हा बायकांना शुभेच्छापत्र येतं, पातळ कागद, खाली गोल शिक्का. एजेंनी कागद उलगडला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि वाचू लागल्या, "प्रिय आनिपा, तुमच्या दहा बोटांना आम्ही दहा बहिणी समजतो. तुम्ही जोडलेल्या बटणांनी किती घरांत दिवे लागले असतील, त्यांतला ओंजळभर उजेड तुमच्याही दारी येवो."

"इतकं छान?" मी म्हटलं. "दरवर्षी तर नुसतं आरोग्य आणि यश असतं."

"नवीन माणूस आलं असेल लिहायला," एजे म्हणाल्या.

ते पत्र मी उशाशी भिंतीवर टाचून ठेवलं. कामावर जाताना त्याच्यावरून बोट फिरवायचे.

मे उजाडला. पेन्शन घरपोच आणणारी नुरिला दारात आली, पण तिच्या पिशवीची चेन वाजली नाही.

"आनिपा एजे, तुमचं नाव यादीत नाही हो. फेरतपासणीला गेला नाहीत म्हणे."

माझ्या उजव्या डोळ्यात चमचाभर उजेड आहे. खिडकी कुठल्या बाजूला ते कळतं, खिडकीत कोण ते नाही. त्या चमच्यापायी दर दोन वर्षांनी मंडळापुढे जाऊन सांगावं लागतं की चमचा अजून चमचाच आहे, त्याची वाटी झालेली नाही.

"मला बोलावणंच आलं नाही," मी म्हटलं.

"आलंय. पोहोचल्याची तुमची सही आहे." मग ती दोन पावलं आत आली. "ते काय टाचलंय भिंतीवर?"

"महिला दिनाच्या शुभेच्छा. वाच की, ऐकण्यासारख्या आहेत."

नुरिलानं टाचणी काढली. आणि वाचलं, की अमुक नावाच्या बाईनं दहा एप्रिलला नेत्रतपासणी मंडळापुढे हजर राहावे, न आल्यास निर्वाहवेतन थांबेल व अपंगत्वाचा दाखला रद्द होईल.

"आणि शुभेच्छा?" मी विचारलं. "त्या मागच्या बाजूला असतील."

"मागची बाजू कोरी आहे, एजे."

ती गेल्यावर मी तो कागद मांडीवर घेऊन बसले. कागदांचा आवाज आम्हाला कळतो. ताजं वर्तमानपत्र जड वाजतं, ओलसर, शिळं कुरकुरतं. कितीतरी महिने काचेच्या खोलीत तो एकच कुरकुरीत कागद वाजत होता. बातम्या एजे सकाळी घरच्या रेडिओवर ऐकून येत असणार. पान उलटायचं ते वाक्याच्या मध्येच, नाहीतर उलटायचंच नाही. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं होतं. ऐकून घेतलं नव्हतं कुणी.

राग आला का? आला. नाही कशी म्हणू? दाखला गेला म्हणजे नुसती पेन्शन जात नाही. दाखला नसलेल्या माणसाला कारखान्यात बसू देत नाहीत, आणि डोळसांच्या कारखान्यात मला कोण बसवणार? सव्वीस वर्षांचं माझं बाकडं, त्याच्या कडेला माझ्या कोपरांनी पाडलेले दोन खळगे, सगळं जाणार. ते वाचवायला एकच वाक्य पुरे होतं: पत्र मला चुकीचं वाचून दाखवलं. पण पुढचा प्रश्न येणारच, कुणी वाचलं? वाचणारीच्या जागेवर दिसणारंच माणूस हवं, तसं नियमातच लिहिलंय. एजेंचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, निवृत्तीला दोन उरली, राहती खोली कारखान्याची.

तुर्दुकुल बाइकेंना मी सगळं सांगितलं. ते चिमटा उघडमिट करत राहिले.

"मग सांगणार मंडळाला?"

"तुम्ही असता तर?"

"मी असतो तर तुझ्यासारखंच शेजारच्याला विचारत बसलो असतो," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात हसू नव्हतं.

दुपारी एजे स्वतःच माझ्या बाकड्याशी आल्या. आधी त्यांचं कोपर लाकडाला आपटलं, मग आवाज आला.

"पेन्शन थांबली म्हणे तुझी?"

"तारीख विसरले, एजे."

"तारीख कुणी कळवली होती?"

"कुणास ठाऊक. कागद हरवला."

त्या जरा वाकल्या. त्यांच्या श्वासाला कुरुतचा, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांचा, आंबूस वास होता, दुपारी तेवढंच खातात त्या. मग म्हणाल्या, "मंडळापुढे सोबत डोळस माणूस लागतं. मी येते."

नको म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण नको म्हणायचं, तर का ते सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी निघालो. बघणाऱ्यांना वाटलं असेल, डोळस बाई आंधळीला धरून नेतेय. एजेंनी माझा दंड घट्ट धरला होता, पण पाऊल त्या माझ्या मागून टाकत होत्या, अर्ध्या श्वासानं उशिरा. पाट जवळ आला तसं पाणी ऐकू आलं. मी काठी नेहमीपेक्षा जोरात आपटली, म्हटलं, "हा पाट मला कधी नीट ओलांडता येत नाही," आणि पाय लांब टाकला. त्यांनीही टाकला.

"जपून गं," त्या मला म्हणाल्या.

थांब्यावर मिनीबस एकामागून एक येत होत्या. नंबर सांगायचं काम त्यांचं. पहिली थांबली, एजे गप्प. दुसरी थांबली, एजेंच्या बोटांची माझ्या दंडावरची पकड वाढली. आमच्या गाडीचं दार गंजलेलं, उघडताना बकरीसारखं ओरडतं. ते ओरडलं तशी मी म्हणाले, "हीच ना आपली, एजे?"

"हीच. मी सांगणारच होते."

"मला घाईच फार."

गाडीत त्या हळूच म्हणाल्या, "तुर्दुकुल म्हणतो, लेखक सुधारला." मी म्हटलं, "आम्हाला आवडतो तो आता." खिडकीच्या फटीतून जर्दाळूच्या फुलोऱ्याचा उरलासुरला वास येत होता.

मंडळाच्या खोलीत औषधाचा आणि ताज्या रंगाचा वास होता. मुख्य डॉक्टरीण लारिसा फ्योदोरोव्ना, आवाज थकलेला, पण वाईट नव्हे. तिनं माझ्या डोळ्यात दिवा फिरवला.

"काही सुधारणा?"

"तुमचा दिवा सुधारलाय. मागच्या खेपेला पिवळा होता, आता बोचतो."

ती किंचित हसली. कागद चाळले. "डोळ्याचं ठीक आहे, म्हणजे होतं तसंच आहे. पण तुम्ही दहा एप्रिलला आला नाहीत. आजारी होता का?"

"नाही."

"बोलावणं मिळालं नाही? मिळालं, सही आहे. वाचून दाखवणारं कुणी नव्हतं का? तसं असेल तर सांगा. योग्य कारण असेल तर जुना दाखला आजपासून परत चालू करता येतो. कारण नसेल तर नव्यानं अर्ज, निकाल शरदात. तोवर दाखला नाही."

शरद म्हणजे चार महिने. बाकडं तोवर कुणी राखणार नव्हतं. एजेंचा श्वास माझ्या डाव्या खांद्याशी होता.

"वाचून दाखवलं होतं," मी म्हटलं. "मीच विसरले."

लेखणी कागदावर थोडी टेकून राहिली. मग चालली. "ठीक. मग नव्यानं अर्ज." कागद टेबलावरून सरकला. "या तुमच्या सोबतच्या ना? बाई, एवढं यांना वाचून दाखवा, आणि वाचून दाखवलं म्हणून खाली सही करा."

एजेंनी कागद घेतला. तो पातळ होता. त्यांचा अंगठा शिक्का शोधत कागदावरून फिरला, तेवढा आवाज मला पुरला. मला वाटलं, आता त्या सुरू होतील. रचायला त्यांना क्षण लागत नाही. त्या नियमांच्याही ओव्या करतील, डॉक्टरणीला कळेल, आणि सगळंच संपेल. मी हात पुढे केला, कागद काढून घ्यायला, काहीतरी बोलायला.

"थांब, आनिपा," एजे म्हणाल्या. तो कर्ण्यातला आवाज नव्हता. त्यात कुठलीच चाल नव्हती.

"डॉक्टरीणबाई, हा कागद मी वाचू शकत नाही. मागच्या उन्हाळ्यापासून मला अक्षर दिसत नाही, आणि या हिवाळ्यापासून माणूसही. हिचं मार्चचं पत्र मीच हातात घेतलं होतं. ते मी वाचलं नाही. रचलं. ही विसरली नाही, हिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तेवढं तिच्या कागदावर लिहा. आणि असाच दुसरा एक कोरा अर्ज काढा, त्यावर माझं नाव घाला."