रुमालसाहेबांनी घेतलेली माझी काळजी

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा. मी एक जुनी सांडपाण्याची टाकी आहे, दुधाच्या कारखान्यामागे जमिनीत पुरलेली. तुम्ही पिता त्या दुधाचे कॅन, नळ, फरश्या धुऊन जे पांढरट, आंबट पाणी उरतं, ते मी गिळते. वास येणारच. तो सहन होत नसेल तर दूध तरी कशाला पिता?

मला एका फिटरने बांधलं. त्याने पोटात कोळशाच्या काळ्या पट्ट्या उभ्या केल्या, त्यांना तारा जोडल्या आणि नाल्याच्या तळचा चिखल आणून ओतला. त्या चिखलात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. ते घाण खातात आणि खाता खाता वीज सोडतात. फार नाही, कामगारांच्या खोल्यांकडे जाणाऱ्या वाटेवरचे चार दिवे लागतात. माझं खरं काम दुसरंच. माझ्याआधी हे पाणी नाल्यातून थेट त्या खोल्यांच्या खिडक्यांखालून वाहायचं. फिटरची म्हातारी आई खिडकी घट्ट लावून, घामाघूम होत जेवायची. मी आले आणि तिची खिडकी उघडली.

उद्घाटनाला कारखान्याचे व्यवस्थापक आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी माझी तोंड भरून स्तुती केली, फोटोही तसाच काढून घेतला. तेव्हापासून मी त्यांना रुमालसाहेब म्हणते. "स्वच्छता आमच्या रक्तात आहे," म्हणाले. रक्तात असेलही, पाय मात्र पुढची कित्येक वर्षं इकडे वळले नाहीत. माझं झाकण गंजलं आणि त्यावर ऑफिसातल्या मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या.

मग एकदा मला बघायला पाहुणे येणार असं ठरलं आणि साहेबांना माझा एकदम पुळका आला. फिटर नेमका बहिणीला आणायला गेला होता. साहेबांनी आदल्या दिवशी फिनेलचे कॅन मागवले आणि सगळे माझ्या पोटात ओतायला लावले. "आतून बाहेरून चकाचक पाहिजे, पाहुण्यांना वास यायला नको." धन्य ते डोकं. ज्यांच्या जिवावर मी चालते, त्यांच्याच जेवणात यांनी विष कालवलं.

सगळे जिवाणू मेले. पाहुण्यांनी हौसेने बटण दाबलं, दिवे लागले नाहीत. साहेब खांदे उडवून म्हणाले, "यंत्रच भिकार निघालं." पाणी पुन्हा नाल्यात सोडलं गेलं आणि हुकूम निघाला, की दोन महिन्यांत दिवे लागले नाहीत तर टाकी बुजवा, वर गाड्या लावू.

फिटर परतला. त्याने मला उपसलं, पट्ट्या धुतल्या, नवा चिखल ओतला. म्हातारी बंद खिडकीआड ताट घेऊन बसायची आणि रोज विचारायची, "अरे, तुझी टाकी जेवायला लागली का?"

"थोडं थोडं भरवतोय, आई. एकदम नाही झेपायचं तिला."

मुदत संपत आली तेव्हा एक दिवा मिणमिणला, मग चारही लागले. पाणी नाल्यातून पुन्हा माझ्याकडे वळवलं. साहेब धावत आले आणि छाती फुगवून म्हणाले, "बघा, मी धुऊन काढली म्हणून चालली. आता दर महिन्याला फिनेल ओतायचं."

फिटरचा चेहरा उतरला. तो तोंड उघडणार, तेवढ्यात कारखान्यात झाडलोट करणारी त्याची बायको पुढे झाली. "हो साहेब. ते काम माझ्याकडे द्या. मी जातीने बघते."

ती जातीनेच बघते. दर महिन्याला फिनेलचा कॅन येतो आणि ती त्या फिनेलने साहेबांच्या केबिनपासून माझ्या कुंपणापर्यंतची फरशी पुसते. साहेब दारात उभे राहून दीर्घ श्वास घेतात आणि येईल त्याला सांगतात, "याला म्हणतात निगा राखणं." माझ्या पोटात एक थेंब जात नाही. म्हातारी खिडकीशी बसून पोटभर जेवते.

मित्रांनो, कुणाची काळजी घ्यायचीच असेल तर त्याला काय सोसतं ते आधी विचारा. विचारण्यात कमीपणा वाटत असेल, तर कृपा करून लांबच राहा. आम्ही जगतो कसेबसे.