चूक कोणाची ते विचारायचं नाही

गणिताच्या तासाला हसण्याचा आवाज येणं हे कुठल्याही शाळेत संशयास्पदच. चित्रकलेच्या तासाला मुलं हसली तर समजू शकतं, कवायतीच्या वेळी हसली तर कारणही समोरच उभं असतं, पण वजाबाकीला? तिसरीच्या वर्गातून वजाबाकी चालू असताना हसण्याचा आवाज येतो, ही बातमी हेडसरांना चौथीच्या सरांनी दिली. चौथीच्या सरांच्या वर्गात नेहमी शांतता असे आणि तिला ते शिस्त म्हणत.

"मी तक्रार करत नाहीये, सर. फक्त कानावर घालतोय," ते म्हणाले. "पण कुठेतरी पाणी मुरतंय."

हेडसर मूळचे इतिहासाचे शिक्षक. दारामागे उभं राहून ऐकल्याशिवाय सत्य कळत नाही, हा त्या विषयाने त्यांना दिलेला धडा. ते तिसरीच्या दाराबाहेर उभे राहिले. आतून एका मुलीचा आवाज आला, "बाई, इथे काहीतरी गडबड आहे." मग बाईंचा आवाज, "माझ्यावर संशय घेतेस?" आणि सगळा वर्ग एका सुरात, "होऽऽ!"

हेडसरांच्या मनात पाल चुकचुकली. आपल्या शाळेत शिक्षकांवर उघड संशय घेतला जातो, आणि तोही आपल्याला न विचारता!

प्रकार असा होता. तिसरीच्या बाई शाळेत नव्या होत्या. मुलं पाटीवर गणितं सोडवत तेव्हा त्या बाकांमधून फिरत, आणि कुणाच्या पाटीवर एखादी नमुनेदार चूक दिसली की मनात टिपून ठेवत. दुसऱ्या दिवशी ती चूक त्या स्वतःच्या हाताने फळ्यावर करत, आपल्याला खरंच तसं वाटतंय अशा थाटात. मुलांनी ती शोधायची. पण नुसती शोधून भागत नसे. ज्याने ती केली त्याला असं का वाटलं असेल, हेही सांगावं लागे. वर्गात नियम एकच होता: चूक कोणाची ते विचारायचं नाही. ज्याची असेल त्याला वाटलं तर तो सांगेल, नाही वाटलं तर ती बाईंची.

कधीकधी बाई मुद्दाम सगळंच बरोबर लिहीत. तेव्हा मुलांचे फार हाल होत.

ही सगळी हकिगत पालकांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. पालकसभेत बाईंनी ती सांगितली होती, पण पालकसभेत कोण ऐकतं?

मग एका सकाळी दातांचे डॉक्टर शाळेत आले. त्यांची मुलगी चष्मा घरीच विसरली होती. वर्गात तिला सगळे भिंग म्हणत. एक तर चष्म्यामुळे, आणि दुसरं म्हणजे फळ्यावरची चूक बहुतेक वेळा तिलाच आधी दिसे म्हणून. डॉक्टरांनी चष्मा शिपाईमामांकडे दिला आणि जाता जाता खिडकीतून आत डोकावले. फळ्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

४०३ − १६८ = ३६५

खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. डॉक्टरांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांनी मोबाइल काढून आकडेमोड केली. मग फोटो काढला. दाढेतली कीड दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर जो शांत आनंद पसरत असे, तोच आत्ताही पसरला.

दवाखान्यात पोचायच्या आत फोटो पालकांच्या ग्रुपवर पोचला. खाली डॉक्टरांनी फक्त इतकंच लिहिलं होतं: "तिसरीच्या बाई. नो कॉमेंट्स." त्यावर दिवसभर कॉमेंट्स आल्या. या बाईंची पदवी तपासा, असं एकाने सुचवलं. आमचा मुलगा हल्ली आमचंही बरोबर मानत नाही, त्याचं मूळ आता कळलं, असं दुसऱ्याने लिहिलं. एका आईने स्वतः वजाबाकी करून उत्तर २४५ टाकलं आणि लगेच काढूनही टाकलं. त्यानंतर ती सर्वांत कडक भाषेत लिहीत होती. कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते कशासाठी हे कुणालाच कळलं नाही, पण पुष्कळांनी त्याला अनुमोदन दिलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी फोटो मुलीपुढे धरला.

"हे बघ, बाळा. यात काय चुकलंय?"

भिंगने पाहिलं आणि तिचे कान लाल झाले. "तू कशाला काढलास फोटो?"

"प्रश्नाला उत्तर दे. सुट्टीत दवाखान्यात बसवून कुणी शिकवली तुला वजाबाकी? मी. आणि काय सांगितलं होतं? मोठ्यातून लहान वजा होतं. एवढं एक लक्षात ठेवलं की झालं. तुझ्या बाईंना तेवढंही येत नाही."

"बाबा, त्यांना येतं."

"मग असं का लिहिलं?"

भिंगने मोबाइल पालथा घातला. डॉक्टरांना वाटलं, मुलीला दमात घेतलेलं दिसतंय. ही शंका त्यांनी लगोलग ग्रुपवर टाकली.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी बाईंना बोलावलं. टेबलावर फोटोची छापील प्रत होती, मोठी करून घेतलेली.

"ही चूक तुमची?"

"फळ्यावर मीच लिहिली, सर."

"ते दिसतंय. पण मूळ चूक कोणाची? तुमची ती पद्धत मला चौथीच्या सरांनी सांगितली आहे. कुठल्या तरी मुलाने केली असेल ना? नाव सांगा. त्याच्या आईवडिलांना बोलावतो, दाखवतो, प्रकरण इथल्या इथे मिटतं."

"म्हणूनच नाही सांगणार."

"अहो, पाटीवरची चूक! पुसूनसुद्धा टाकली असेल त्याने."

"त्याने पुसली, सर. तुम्ही परत लिहाल."

हेडसरांनी चष्मा काढला. "बाई, खात्याचे निरीक्षक येतायत. डॉक्टरांची ओळख थेट वरपर्यंत आहे, वरच्या साहेबांची कवळी त्यांनीच बसवलीय. तुम्ही नाव सांगितलं नाहीत तर चूक तुमच्या नावावर जाईल. मग तिसरी काढून घ्यावी लागेल आणि तुम्हाला ग्रंथालय द्यावं लागेल."

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालचं एक कपाट होतं. त्याची किल्ली मागच्या ग्रंथपालांबरोबर निवृत्त झाली होती.

 ग्रंथालयाची बाईंना भीती नव्हती; तिसरी सोडायची नव्हती. ज्या मुलीच्या पाटीवर ते तीनशे पासष्ट होतं, ती परवापर्यंत वजाबाकी आली की पोटात दुखतं म्हणायची. इतरांच्या चुका चटकन शोधायची, आणि स्वतःची पाटी मात्र छातीशी धरून बसायची. काल, ती चूक कशी झाली असेल ते सांगायला, पहिल्यांदाच तिने हात वर केला होता. तिचे वडील बाहेर व्हरांड्यातच बसले होते, फोटोची आणखी एक प्रत घेऊन.

"बघते," बाई म्हणाल्या. हेडसरांना हे उत्तर अत्यंत संशयास्पद वाटलं.

निरीक्षक आले ते पावलांचा आवाज न करता. हडकुळा माणूस, खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघणारा. तक्रारदार म्हणून डॉक्टरांना वर्गात मागच्या बाकावर बसवलं होतं. बाक तिसरीच्या मापाचा असल्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीच्या जवळ आले होते, आणि त्या अवस्थेत माणसाला फार रुबाब राखता येत नाही. हेडसर दाराशी उभे राहिले. आत-बाहेर दोन्हीकडे होतो, असं नंतर म्हणता यावं म्हणून.

निरीक्षकांनी स्वतः ती वजाबाकी फळ्यावर लिहिली, उत्तरासकट. मग मुलांकडे वळले.

"बाई रोज असं चुकीचं लिहितात?"

"रोज नाही," पहिल्या बाकावरचा एक लठ्ठ मुलगा म्हणाला. "कधीकधी बरोबर असतं. तेव्हा फार त्रास होतो."

"चूक आहे की नाही, हे बाई आधी सांगतात?"

"सांगितलं तर मजा काय?"

"मग बाईंवर विश्वास कसा ठेवता तुम्ही?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रश्न सोपा होता, पण यातच काही खोच असेल म्हणून कुणी घाई करेना. शेवटी लठ्ठ मुलगाच म्हणाला, "ठेवत नाही ना."

दारात हेडसरांनी डोळे मिटले. डॉक्टर मागून म्हणाले, "ऐका! मुलं स्वतः सांगतायत." निरीक्षकांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. आयुष्यभर लोकांवर संशय घेण्याचा पगार घेतलेल्या माणसाला, हेच काम कुणी फुकट शिकवतंय हे पाहून नेमकं काय वाटलं असेल, सांगता येत नाही.

"बरं. ही चूक मुळात कोणाची?"

"असं विचारायचं नसतं," तीन-चार आवाज एकदम आले.

"मी निरीक्षक आहे."

"तरी पण."

"पढवलंय, साहेब, सगळं पढवलंय!" डॉक्टर उठायला गेले, पण बाक त्यांच्याबरोबर उठू लागला म्हणून परत बसले.

निरीक्षक बाईंकडे वळले. "बाई, वेळ घालवू नका. मुलाचं नाव सांगा. नाहीतर चूक तुमचीच धरावी लागेल, आणि पुढचं हेडसरांनी तुम्हाला सांगितलंच असेल."

बाईंनी वर्गाकडे पाहिलं नाही. कुणाकडे पाहिलं असतं तर तेच उत्तर झालं असतं. त्या फळ्याकडे बघत म्हणाल्या, "माझी धरा."

"झालं! कबूल!" डॉक्टरांनी फोटो हवेत हलवला.

त्याच क्षणी मधल्या ओळीत बाक करकरला. भिंग उभी राहिली होती. तिचे कान फोटो पाहताना झाले होते तसेच लाल होते.

"माझी होती," ती म्हणाली. मग थोडा विचार करून तिने दुरुस्ती केली, "आता नाहीये."

डॉक्टरांचा हात हवेतच राहिला.

"म्हणजे?" निरीक्षकांनी विचारलं.

ती फळ्यापाशी गेली. शिक्षा झाल्यासारखी नाही. रोजचं काम असल्यासारखी. "ज्यानं केली त्याला असं का वाटलं, ते सांगायचं असतं. म्हणजे मला. इथे तीनातून आठ जात नाहीत. मग मी आठातून तीन काढले. पाच. इथे शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून शून्य. सहा. मग चारातून एक, तीन. कारण मोठ्यातून लहान वजा होतं, एवढंच लक्षात ठेवायचं, असं बाबा म्हणाला होता."

वर्गात कुणी हसलं नाही. दोघा-तिघांनी समजून घेतल्यासारख्या माना डोलावल्या. लठ्ठ मुलगा मागे वळला आणि डॉक्टरांना धीर देत म्हणाला, "काका, मला पण आधी तसंच वाटायचं."

"पण पूर्ण आकडा बघायचा असतो," भिंग सांगतच होती. "चारशेतून पावणेदोनशेच्या आसपास गेले, तर तीनशे पासष्ट उरतीलच कसे? म्हणून चारशेतलं एक शतक सुटं करायचं." तिने ते सुटं केलं, दशकं केली, एका दशकाचे एकक केले, आणि खाली २३५ लिहिलं. मग खडू ठेवून जागेवर जाऊन बसली. पाटी तिने बाकावर उघडीच ठेवली.

निरीक्षकांनी वडिलांकडे पाहिलं. डॉक्टरांनी फोटोकडे पाहिलं, घडी घातली, खिशात ठेवला. "नियम म्हणून तो बरोबरच आहे," ते म्हणाले. "मी फक्त... थोडक्यात सांगितला होता."

"थोडक्यात सांगितलेलंच लक्षात राहतं, काका," लठ्ठ मुलगा म्हणाला. बाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

एवढ्यावर प्रकरण संपायला हवं होतं, पण मग खातं कशाला आहे? निरीक्षकांनी तिसरी बाईंकडेच ठेवली. मात्र यापुढे फळ्यावर करायची प्रत्येक चूक आदल्या दिवशी हेडसरांना दाखवून मंजूर करून घ्यावी, अशी अट घातली. चूक अनधिकृत नसावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरांनी ग्रुपवर "विषय संपला" असं लिहिलं. त्यावर पुन्हा कुणीतरी हात जोडले.

त्या संध्याकाळी बाई मंजुरीसाठी पहिली चूक घेऊन गेल्या. कागदावर लिहिलं होतं: १४ × ६ = ६२४. सहा चोक चोवीस आणि सहा एके सहा, दोन्ही शेजारी-शेजारी मांडले होते. अगदी नमुनेदार चूक. तेवढ्यात फोन वाजला. हेडसरांनी एका हाताने फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने, इतक्या वर्षांच्या सवयीने, लाल पेनाने ते उत्तर खोडून वर दुसरं लिहिलं, सही केली, कागद परत दिला.

बाईंनी तो वाचला. मग हजेरीपटात जपून ठेवला.

सकाळी हेडसर व्हरांड्यातून फेरी मारत होते. तिसरीच्या दारापाशी त्यांची पावलं आपोआप मंदावली. फळ्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात होतं: १४ × ६ = १८४. हेडसरांना तो आकडा ओळखीचा वाटला. मग तो का ओळखीचा वाटतोय, हेही आठवलं.

"चूक सापडली," आतून भिंग म्हणाली. "चौदाची सहापट म्हणजे शंभराच्या आतच यायला हवं."

"मग त्याला असं का वाटलं असेल?" बाईंनी विचारलं.

"सहा चोक चोवीस. चार लिहिले, हातचे दोन. इथपर्यंत त्याला येतं, बाई. पण पुढे हातचे आधीच एकात मिळवले, तीन केले, आणि मग सहाने गुणलं. सहा त्रिक अठरा."

"पण आधीच का मिळवले?"

भिंगने थोडा विचार केला. "विसरून जाऊ अशी भीती वाटली असेल. किंवा मध्येच कुणीतरी हाक मारली असेल."

"कोणाची असेल गं ही?" एक नवीन मुलगा कुजबुजला.

"असं विचारायचं नसतं," सगळे म्हणाले.

हेडसर दाराआड उभे होते. फोन आला होता, हे आत जाऊन सांगावं असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी व्हरांड्यात दोन्हीकडे पाहिलं. पलीकडे चौथीचे सर आपल्या वर्गाच्या दारात येऊन कान टवकारून उभे होते.

"आज पुन्हा काही गडबड, सर?" त्यांनी हळूच विचारलं.

"गडबड आहे," हेडसर म्हणाले. "पण सापडली त्यांना."