चौथ्या दिवसाचा अंगारा

खर्ड्याजवळच्या वस्तीवर सूर्यभान महाराजांच्या ओट्यापुढे सकाळपासून रांग लागली होती. डेंग्यूच्या तापाची साथ होती. महाराज पोराच्या कपाळाला अंगारा लावत नि गरजत, "ज्वरासुरा, हो चालता!" दुसऱ्या दिवशी ताप खरोखरच उतरलेला असे.

उपकेंद्रातली जया सिस्टर डासांच्या अळ्या शोधत घरोघर हिंडत होती. रांगेपाशी ती थबकली. महाराज प्रत्येकाला एकच विचारत होते, "ताप कितवा दिस?" दुसरा म्हटलं, की "अजून त्याची घटका भरली न्हाई, परवा या." चौथा म्हटलं, की अंगारा.

जयाने मनात दिवस मोजले. डेंग्यूचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी बहुधा आपोआपच उतरतो. खरा धोका सुरू होतो तो तेव्हा.

एवढ्यात अजिनाथ आपल्या सहा वर्षांच्या पोरीला, ज्ञानेश्वरीला, खांद्यावर टाकून नारळ फोडायला आला. "बघा सिस्टर, कालच अंगारा लावला. तव्यावानी तापलेलं अंग गारेगार झालं!"

जयाने पोरीचा हात धरला. बर्फ. पायही तसेच. नख दाबून सोडलं, तर पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी व्हायला पाच आकडे मोजावे लागले. नाडी धाग्याएवढी, नुसती पळत होती.

"लघवी कधी केली हिनं?"

"काल दुपारी. पोट दुखतंय म्हनत हुती, दोनदा ओकली. आता निवांत निजलीय."

"निजली नाही, ग्लानीत आहे! रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपलंय. उरलेलं रक्त शरीर काळजाला नि मेंदूला देतंय, म्हणून हातपाय गार पडलेत. १०८ ला फोन लावा!"

"देवाच्या दारात अभद्र बोलू नका," महाराज कडाडले. "पोर शीतळ झालीय."

अजिनाथ घुटमळला. शेवटी जयानेच फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत पोरीला उपकेंद्रात नेलं, पण सलाईनसाठी शीर सापडेना. तिसऱ्यांदा टोचल्यावर सलाईन सुरू झालं. पण रात्रभराचा वेळ आधीच गेला होता. रुग्णवाहिका मोठ्या दवाखान्याकडे निघाली, पण जामखेडच्या अलीकडेच ज्ञानेश्वरीचा श्वास थांबला.

चार दिवसांनी जया पुन्हा त्या रांगेपुढे उभी राहिली. दिवस मोजण्याची युक्ती तिने फोडून सांगितली.

"पन माज्या नातवाचा ताप उतरवलाच की त्यांनी," रांगेतली छबूबाई म्हणाली.

"तो उतरणारच होता, मावशी. पोर वाचलं तर महाराजांमुळं, आणि मेलं तर नशिबानं, असं किती दिवस म्हणायचं?"

रांग एक पाऊल पुढे सरकली. ओट्याच्या कोपऱ्यात बसलेला अजिनाथ मान वर करेना.

जयाचा आवाज बसला होता, तरी ती बोलत राहिली. "ताप उतरला म्हणजे आजार गेला असं समजू नका. पोराचे हातपाय चाचपा. गार लागले, पोर सुस्तावलं, ओकायला लागलं, पोट दुखलं, लघवी कमी झाली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. एवढंच करा. बाकी कुणालाही माना."